बद्रीनाथ दुपारी येतो

सोमवार, १२ जानेवारी १९९८
ह्यांना आज घाटी दवाखान्यातून घरी आणलं. काय खाल्लं, कोणतं औषध दिलं ते लिहून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून ही डायरी घेतली. औषधं मागच्या पानांवर लिहिते. पुढची पानं माझी.

पक्षाघातानं उजवा हात, उजवा पाय गेला. तोंड थोडं वाकडं झालंय, ते सुधारेल म्हणतात. वाचा मात्र गेली. हे, म्हणजे सांडू मास्तर घाटविसावे, वर्गात बोलायला लागले की रस्त्यावर ऐकू यायचं आणि आज त्याच तोंडातून नुसतं 'बा, बा' निघतं. मानेचाही भरवसा नाही. पाणी हवं का विचारलं तर आडवी हलवतात, भांडं बाजूला नेलं की चिडतात. डॉक्टर म्हणाले, हो आणि नाही यांची अदलाबदल होते, काही दिवस चालेल. काही दिवस म्हणजे किती, ते सांगितलं नाही.

मुलगी आठवडाभर राहून नाशिकला गेली. तिचीही नोकरी आहे. शेजारच्या जहांआरानं खिचडी आणून दिली. सिडकोत पंधरा वर्षं राहतोय, पण आज पहिल्यांदा हे घर लई मोठं वाटलं.

गुरुवार, १५ जानेवारी
आज कोण आलं असेल! बद्रीनाथ दाभाडे.

चर्चच्या आवारातली रस्त्याकडची जागा कमिटीनं मंडळीला न विचारता गाळे बांधायला दिली. ह्यांनी त्याविरुद्ध कोर्टात दावा लावला. दाव्यात पहिलं नाव ह्यांचं, दुसरं तात्यासाहेब निर्मळांचं. आणि समोरच्या बाजूला कमिटीचा सेक्रेटरी, हाच बद्रीनाथ. चार वर्षं झाली, चर्चमध्ये दोघं एकमेकांकडं पाठ करून बसतात. लहानपणी एकाच बोर्डिंगात होते म्हणे. हे त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

तो दारात चप्पल काढून उभा राहिला. मी पाणी दिलं, चहा विचारला नाही. पलंगापाशी गेला, ह्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि मग मला विचारलं, "वहिनी, मास्तरला समजतं का सगळं?"

मी म्हटलं, सगळं समजतं.

दाव्याची तारीख मार्चमध्ये आहे. असं विचारायला माणूस उगीच पहाडसिंगपुऱ्याहून सायकल मारत येत नाही.

शनिवार, १७ जानेवारी
पुन्हा आला. काखेत पवित्र शास्त्र. म्हणाला, थोडं वाचू का मास्तरसाठी? शास्त्र घेऊन आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ते त्यालाही माहीत असणार.

त्यानं तेरावं स्तोत्र काढलं. देवा, किती दिवस मला विसरणार, किती दिवस तोंड लपवणार, असं आहे त्यात. आजाऱ्याला कुणी हे वाचतं का? माणसाला बरं केल्याच्या एवढ्या गोष्टी आहेत शुभवर्तमानात. वर वाचतानाही मधेच थांबत होता, ह्यांच्या तोंडाकडं बघत होता. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते कानापर्यंत ओघळलं.

मी पडद्याआड उभी होते. रडवायलाच येतो काय हा?

मंगळवार, २० जानेवारी
तात्यासाहेब येऊन गेले. सफरचंदं आणली होती. बद्रीनाथ येतो हे त्यांना आधीच कळलं होतं. खालच्या आवाजात म्हणाले, "वच्छलाबाई, माणूस ओळखा. एक तर मास्तर ठार बिनकामाचे झाले असं कोर्टात सांगेल, नाही तर गोड बोलून कशावर तरी अंगठा घेईल. तुमची पाठ वळायचा अवकाश."

माझ्या मनातलंच बोलले. गेल्यावर मी ह्यांच्या डाव्या हाताला लोकरीचा मोजा चढवला. उजवा हात तसाही गोधडीखाली असतो. थंडी आहे, कुणी विचारलं तर तेच सांगायचं. शाईचं पॅड घरात होतं, ते तांदळाच्या डब्यात टाकलं.

रविवार, २५ जानेवारी
बद्रीनाथ रोजच येतो. जेवणं झाली, गल्ली निवांत झाली की सायकलची घंटा. मी पडद्याआड स्टूल टाकलंय. नुसतं बसून काय करायचं म्हणून ज्वारी निवडायला घेते. त्याचा खिशाकडं हात गेला की मी खोकते. आजपर्यंत खिशातून रुमालच निघाला.

जहांआरा म्हणाली, "भाबी, वो आदमी बाहर निकल के सायकल पकड़ के खड़ा रहता, आँखां पोंछता." मी म्हटलं, नाटकं करतो. तिनं तिच्या सासऱ्याचं दुखणं चार वर्षं काढलंय, तिला माणसाचं रडणं खरंच वाटणार.

शुक्रवार, ३० जानेवारी
आज तो फिलिप्पैकरांच्या पत्रातलं वाचत होता. कशाचीच काळजी करत बसू नका, जे लागेल ते देवाला सांगा आणि आभारही माना. पौलानं हे तुरुंगातून लिहिलं, एवढंच बद्रीनाथ बोलला. मी लक्ष ठेवायला बसले होते, ऐकायला नाही.

संध्याकाळी नळाला पाणी आलं नाही. एरवी मी कॉर्पोरेशनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज जहांआराकडून दोन बादल्या आणल्या आणि कुकर लावला. त्या बादल्या उचलताना आभार मानावेसे वाटले, ते मनातल्या मनात मानूनही टाकले. (शनिवारी सकाळी) रात्री झोप कशी चांगली लागली काय माहीत. थंडी कमी झाली असेल.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
मी बालवाडीत शिकवायचे तेव्हाच्या जुन्या मैत्रिणी भेटायला यायच्या होत्या. मी त्यांना दुपारी नको, संध्याकाळी या म्हणून निरोप धाडला. दुपारी पहारा कोण देणार?

एलीया संदेष्ट्याची गोष्ट होती आज. झुडपाखाली पडून तो मरण मागतो, आणि देव त्याला रागावत नाही. झोपू देतो, भाकर देतो, पाणी देतो, आणि पुन्हा झोपू देतो. इतक्या वर्षांत हे मी किती वेळा ऐकलं असेल, पण भाकर गरम होती हे कधी ध्यानात आलं नव्हतं. ह्यांच्यासाठी पेज गाळताना तेच डोक्यात होतं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
आज मी बद्रीनाथला घालवून दिलं.

हल्ली तो वाचता वाचता जास्तच थांबत होता. अर्धी ओळ वाचायची, बोट तिथंच ठेवायचं आणि ह्यांच्याकडं बघत बसायचं. ह्यांचा चेहरा लाल होतो, गळ्याच्या शिरा फुगतात, ओठ थरथरतात. आज तो इतका वेळ थांबला की मला बघवेना. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. बोलता न येणाऱ्या माणसासमोर असं टपून बसायचं, म्हणजे काय? मी पडदा सारून आत गेले.

"बास. आजारी माणसाला छळायला येता का तुम्ही?"

तो उठला. म्हणाला, "छळत नाय वहिनी. तुम्ही थोडा धीर धरला तर..."

मी पुढं ऐकलं नाही. उद्यापासून येऊ नका म्हटलं. त्यानं शास्त्र मिटलं, ह्यांच्या खांद्याला हात लावला आणि गेला. हे 'बा, बा' करत डाव्या हातानं पलंग बडवत होते. त्यांनाही राग आला होता त्याचा. मला बरं वाटलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी
हे जेवत नाहीत. पेज ओठाबाहेर काढतात. दुपारी डोळे दाराकडं लागलेले असतात. घंटा ऐकू आली तर पोस्टमनची असते.

मीच वाचायला घेतलं. छत फोडून पक्षाघाती माणसाला खाली सोडलं आणि येशूनं त्याला बरं केलं, ते. ठासून, न थांबता वाचलं, धीर येईल म्हणून. ऊठ, आपली बाज उचल, इथपर्यंत आले तर ह्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. पुस्तक माझ्या मांडीवर राहिलं. मलाही मग त्या चौघा मित्रांचाच विचार येत राहिला, ज्यांनी बाज वर चढवली.

शनिवार, १४ फेब्रुवारी
तात्यासाहेब आले. बद्रीनाथचं येणं बंद केल्याचं ऐकून खूश झाले. बरोबर एक कागद होता. म्हणाले, मास्तरांना कोर्टात ओढायला नको, तुम्हालाही त्रास नको, म्हणून वकिलानं सोय केलीय. शाईचं पॅड त्यांनीच आणलं होतं.

मोजा मी काढला. हे हात मागं ओढायला लागले. तात्यासाहेबांनी मनगट धरलं आणि अंगठा टेकवला. हे ओरडले. मला वाटलं खांदा दुखला असेल.

कागदात काय आहे विचारलं तर म्हणाले, नेहमीचंच. चहा अर्धा ठेवून गेले. बद्रीनाथला मी चहा कधी दिलाच नाही, पण निघताना तो ह्यांच्या खांद्याला हात लावायचा. तात्यासाहेबांनी आज जाताना ह्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. घाईत असतील. पण मनाला काही तरी टोचतंय. अंगठ्याची शाई साबणानं गेली नाही, रॉकेल लावलं तरी निळी रेघ राहिलीच.

गुरुवार, १९ फेब्रुवारी
हे आजच लिहून ठेवते.

दुपारी मी ह्यांना एकशे एकविसावं स्तोत्र वाचून दाखवत होते. मी आपले डोळे डोंगराकडं लावतो, एवढं वाचलं आणि आत दूध उतू गेल्याचा वास आला. पुस्तक पलंगावर टाकून पळाले. गॅस बंद करते तोच मागून आवाज आला. जाड, घसरता, दगडावरून पाणी जावं तसा.

"साहाय्य... कुठून... येईल."

घरात दुसरं कुणी नव्हतं. मी आले तर हे छताकडं बघत होते आणि ओठ अजून हलत होते. मी पाणी हवं का विचारलं, तर 'बा'. माझं नाव घ्या म्हटलं, तर 'बा'. मग पुस्तक उचललं, पुढची ओळ अर्धी वाचली आणि थांबले. ह्यांच्या शिरा फुगल्या, घाम आला, चेहरा लाल झाला. अगदी तसंच, ज्याला मी छळ म्हटलं होतं. आणि उरलेली अर्धी ओळ ह्यांनी पुरी केली.

मी जमिनीवर बसून रडले. ह्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, मोज्यासकट.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
जहांआराला ह्यांच्यापाशी बसवून पहाडसिंगपुऱ्याला गेले. बद्रीनाथ अंगणात सायकलचं पंक्चर काढत होता. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण तोंडातून एवढंच आलं की हे बोलले. त्याच्या हातातलं चाक फिरत राहिलं.

मग त्यानं सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या वर्षी, अठ्ठेचाळीस साली, बोर्डिंग बंद पडलं, ज्याची त्याची माणसं येऊन पोरं घेऊन गेली. ह्या दोघांना न्यायला कुणी आलं नाही. रस्त्यावर काय चाललंय कळत नव्हतं, बाहेर पडायची सोय नव्हती. पोरं भिऊ नयेत म्हणून बोर्डिंगातले म्हातारे सर अर्धी ओळ म्हणायचे आणि उरलेली ह्या दोघांनी म्हणायची. गलका ऐकू आला की आणखी मोठ्यानं. स्तोत्रं तशीच पाठ झाली दोघांची.

"मी थांबलो की तो आतून चालायला लागतो, हे मला दिसत होतं," तो म्हणाला. "पण खात्री नव्हती, म्हणून तुम्हाला बोललो नाय."

मी विचारलंच. पहिल्या दिवशी कशाला आला होतात?

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "खरं सांगू? मास्तर कोर्टात उभा राहू शकतो का, ते बघायला. कमिटीनं धाडलं होतं. त्याला बघितलं आणि परत जाऊन काय सांगायचं तेच सुचेना. दुसऱ्या खेपेपासून माझा मीच आलो."

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता. हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. सोमवारपासून या म्हटलं. तरीही लक्ष ठेवणारच, फक्त स्टूल आता पडद्याआड नाही, ह्यांच्या खोलीतच ठेवणार आहे.

मंगळवार, ३ मार्च
रोज दहा-बारा ओळी पुऱ्या करतात. ओळीबाहेर मात्र एक शब्द नाही. पेज जाते पोटात. मी आता समोरच बसते. काल एक ओळ ह्यांना अडली, बद्रीनाथ थांबून राहिला, आणि मीच बोलून गेले. दोघांनी माझ्याकडं असं बघितलं की वर्गात मधे बोलल्यासारखं झालं.

मंगळवार, १० मार्च
बद्रीनाथ आज वाचायला बसला नाही. म्हणाला, तात्यासाहेबांनी कमिटीशी तडजोड केलीय. त्यांच्या भाच्याला एक गाळा मिळणार, आणि दावा काढून घ्यायचा अर्ज कोर्टात गेलाय. त्यावर मास्तरांचा अंगठा आहे.

तो चौदा तारखेचा कागद हाच, हे लगेच कळलं. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, हा मला हे का सांगतोय? दावा निघाला तर ह्याचीच बाजू जिंकली. आमच्यात फूट पाडायची असेल. कोर्टात गोंधळ झाला की मास्तरांचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणायला मोकळे. मी म्हटलं, विचार करते.

तो गेल्यावर ह्यांना विचारलं, तुम्हाला दावा काढायचा होता का? ह्यांनी मान होकारार्थी हलवली, आणि लगेच पलंग बडवायला लागले. मग तो निळ्या रेघेचा अंगठा माझ्या तोंडासमोर धरला. तेव्हा समजलं ते खांद्याचं ओरडणं नव्हतं. त्या दिवशी मोजा मी माझ्या हातानं काढला होता.

बुधवार, १८ मार्च
कोर्टातून आताच आलो. हे झोपलेत. जेवण जहांआराकडचं आहे.

तिच्या नवऱ्यानं, फारूखभाईंनी रिक्षा दारात लावली, ह्यांना उचलून बसवलं आणि कोर्टात खुर्चीसकट वर नेलं. तात्यासाहेबांनी आम्हाला बघितलं आणि वकिलाच्या मागं सरकले. पलीकडं कमिटीची माणसं, त्यांच्यात बद्रीनाथ.

मी जजसाहेबांना सांगितलं की कागद वाचून न दाखवता अंगठा घेतला. तात्यासाहेबांचे वकील म्हणाले, बाई घरात हजर होत्या, त्यांनी स्वतः मास्तरांच्या हातातला मोजा काढला. ते खरंच होतं. मग जजसाहेबांनी ह्यांनाच विचारलं, "मास्तर, तुम्हाला दावा काढून घ्यायचा आहे का?"

ह्यांनी मान डोलावली. होय.

मी म्हटलं, साहेब, ह्यांच्या मानेचं उलट होतं. वकील हसले. हे 'बा, बा' करायला लागले, तोंडातून लाळ आली, ती मी पदरानं पुसली. जजसाहेबांनी पेन उचललं.

तेवढ्यात बद्रीनाथ उठला. त्याच्या वकिलानं त्याची बाही धरली, ती त्यानं सोडवली. मला वाटलं, आता हा सांगणार की मी रोज बघतो, मास्तरला काही समजत नाही. मी खरंच डोळे मिटून घेतले.

"साहेब, परवानगी द्या. मी समोरच्या बाजूचा आहे, तरी एक मिनिट द्या." आणि ह्यांच्याकडं वळून तो दुपारच्या आवाजात म्हणाला, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे..."

आणि थांबला.

सगळं कोर्ट थांबलं. वकील काही बोलणार होते, जजसाहेबांनी हात वर केला. ह्यांचा चेहरा लाल झाला, शिरा फुगल्या.

"पडणार... नाही," हे म्हणाले.

बद्रीनाथ हलला नाही. ह्यांनी तो शब्द तोंडात धरूनच ठेवला, जणू सुटला तर पुन्हा सापडणार नव्हता. "नाही," म्हणाले. मग डावा हात लांब करून समोरच्या कागदाकडं बोट केलं. "नाही. नाही. माझा... नाही."

तात्यासाहेब खाली बघत होते. जजसाहेबांनी काय काय लिहून घेतलं ते मला नीट कळलं नाही. एवढं समजलं की ह्यांचं नाव दाव्यात राहिलं, तात्यासाहेबांचं निघालं, आणि पुढची तारीख जूनची आहे.

बाहेर कडुनिंबाखाली फारूखभाईंनी चहा आणला. बद्रीनाथची माणसं त्याच्याशी न बोलता निघून गेली होती. तो एकटाच सायकलपाशी उभा होता. मी माझा कप त्याला दिला. असं का केलंत, विचारलं.

"गाळे बांधायलाच पायजेत, असं मला अजून वाटतं," तो म्हणाला. "मंडळीला त्यातून आधार होईल. जूनमध्ये मी तुमच्याविरुद्धच उभा राहीन, वहिनी."

मी म्हटलं, राहा. त्याच्या बोलण्यावर माझा इतक्या लगेच विश्वास पहिल्यांदाच बसला.